सोल्युशनचा वास आणि पायांच्या मुंग्या

चपला चिकटवायचं सोल्युशन पटकन वाळतं, कारण त्यातलं द्रावक हवेत उडतं. तेच श्वासावाटे रक्तात जातं. काही सोल्युशनमध्ये हेक्झेन असतं. यकृतात त्याचं २,५-हेक्झेनडायोन बनतं आणि ते मज्जातंतूंना इजा करतं. सर्वांत लांब तंतू आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून: मुंग्या, बधिरपणा, मग चालताना अडखळणं. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरगुती उद्योगात चपला बनवणाऱ्यांना हाच आजार झाला होता. थिनरमधलं टोल्युइन सतत हुंगल्यास मेंदूलाही कायमची इजा होऊ शकते.

रुमाल बांधून वाफ अडत नाही. काम मोकळ्या हवेतच करावं. मुलाच्या कपड्यांना असा वास आला, तर रागावू नका. आधी शांतपणे विचारा, डॉक्टरांना दाखवा.