गिटारचा अंकीय मॉडेलर आणि त्याचा शक्तिवर्धक

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी तेथे उत्सवप्रसंगीच्या गायन-वादनाची आवड जोपासली आहे. अशा एखाद्या कार्यक्रमात विजेवरील गिटार वाजवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने अंकीय मॉडेलर घेतला, तर त्यास कोणता शक्तिवर्धक, म्हणजे व्यवहारातील पॉवर ॲम्प्लिफायर, जोडावा? पुष्कळदा केवळ वॅटचा आकडा पाहून निवड केली जाते. तेवढ्याने फसगत कशी होते, हे या पाठात पाहावयाचे आहे.

१. ध्वनीस रंग कोठे चढतो?

गिटारच्या तारांखालील चुंबकीय वेटोळ्यांत निर्माण होणारा विद्युत्‌संकेत अत्यंत क्षीण असतो. पूर्वी तो निर्वात नलिकांच्या वर्धकातून स्पीकरकडे जाई. नलिकांवर मर्यादेबाहेर भार पडला म्हणजे ध्वनी विकृत होतो. परंतु ही विकृतीच वादकांना प्रिय झाली. मॉडेलर संकेताचे आकड्यांत रूपांतर करतो आणि तीच विकृती गणिताने घडवितो. अमेरिकेतील लाइन सिक्स कंपनीने १९९६ साली अशा तत्त्वावरील वर्धक बाजारात आणला.

सारांश, रंग आधीच चढलेला असतो. शक्तिवर्धकाने केवळ बळ द्यावे, दुसरा रंग चढवू नये. गिटारचा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्‌झच्या पुढील स्वर फार क्षीण करतो, आणि मॉडेलर त्याचीही नक्कल करतो. म्हणून शक्तिवर्धकास गिटारचा खरा स्पीकर जोडल्यास मॉडेलरमधील स्पीकरची नक्कल बंद करावी. सर्व स्वर सारखे देणारा स्पीकर जोडल्यास ती चालू ठेवावी.

२. वॅट आणि डेसिबेल

वॅट दुप्पट केले असता ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. उलट, मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की ती ६ डेसिबेलने घटते. समजा, एका स्पीकरास १ वॅट दिल्यास १ मीटरवर १०० डेसिबेल ध्वनी मिळतो. ५० वॅट दिल्यास तेथे ११७ व ८ मीटरवर ९९ डेसिबेल होतील. शक्तिवर्धक १०० वॅटचा घेतला, तर ८ मीटरवर १०२ एवढेच! परंतु १ वॅटला ९४ डेसिबेल देणारा स्पीकर असेल, तर पहिल्याइतक्याच ९९ डेसिबेलसाठी ५० ऐवजी २०० वॅट लागतील. म्हणून शक्तिवर्धकाआधी स्पीकरची संवेदनशीलता तपासावी.

तथापि थोडी शक्ती राखीव असावी. ट्रान्झिस्टरचा वर्धक मर्यादा ओलांडताच ध्वनी एकाएकी कर्कश होतो.

३. ओहमची जुळणी

स्पीकर विद्युत्‌प्रवाहास जो विरोध करतो, त्यास संरोध म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. ट्रान्झिस्टरच्या वर्धकावर ‘४ ओहमला १०० वॅट’ असे लिहिलेले असेल, तर ८ ओहमच्या स्पीकरास साधारण निम्मीच शक्ती मिळेल. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले असता संरोध ४ ओहम होतो. वर्धकाच्या किमान मर्यादेखाली जाऊ नये. तो तापून बिघडतो. रायपुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेथे तर वर्धकाभोवती हवा खेळती ठेवणे अगत्याचे आहे. नलिकांचा वर्धक मात्र स्पीकर जोडल्यावाचून कधीही चालवू नये.

४. ऐकणाऱ्याचे हित

८५ डेसिबेलहून मोठा ध्वनी दीर्घकाळ कानी पडल्यास श्रवणशक्तीस अपाय होतो, आणि ही हानी भरून येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास सामान्यतः मनाई आहे. तेव्हा शक्तिवर्धकाची योग्यता केवळ त्याच्या बळावर ठरत नाही. तो मॉडेलरचा ध्वनी न बदलता, सभागृहास पुरेल इतकाच पोहोचवितो की नाही, हे पाहावे.

स्वाध्याय

१. एक स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ९७ डेसिबेल ध्वनी देतो. त्यास १०० वॅट दिल्यास मोकळ्या जागी ४ मीटरवर ध्वनिपातळी किती होईल? (उत्तर : १०५ डेसिबेल)

२. १६ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास एकूण संरोध किती? (उत्तर : ८ ओहम)