सरावातही गुण मोजा : व्हॉलीबॉल संघासाठी एक पाठ

बहुतेक मैदानांवर व्हॉलीबॉलचा सराव असा चालतो : जाळीपाशी रांग लागते, सेटर चेंडू वर देतो, एकेक जण येऊन स्मॅश मारतो आणि पुन्हा रांगेत जातो. हात मोकळा होतो, मजाही येते. पण सामन्यात इतका आयता चेंडू कितीदा मिळतो? समोरची सर्व्हिस नीट उचलली गेली तरच सेटरला चेंडू मिळतो आणि मग स्मॅशची वेळ येते. नवे संघ बहुधा या पहिल्या दोन स्पर्शांतच हरतात. म्हणून आज आपण गुण मोजून करायचा सराव पाहू. (हा पाठ स्मॅशिंगच्या खेळासाठी आहे, शूटिंगसाठी नाही.)

सुरुवात सर्व्हिस उचलण्यापासून करू. एका बाजूला तिघे उचलणारे आणि एक सेटर, पलीकडून १० सर्व्हिस. सेटर जागचा न हलता कोणालाही चेंडू देऊ शकला तर ३ गुण, दोन-चार पावले सरकावे लागले तर २, कसाबसा उंच चेंडू एकालाच देता आला तर १, गुण गेला तर ०. सर्व्हिस जाळीत किंवा बाहेर गेली तर उचलणाऱ्यांना आयते ३. नव्या संघाने १५ गुण गाठावेत, मुरलेल्याने २०. मात्र बेरीज तिघांची मिळून करा, एकेकाची नको. एकेकाचे गुण मोजले की कच्चा खेळाडू चेंडूपासून पळतो आणि बाकीचे त्याच्यावर ओरडतात. बेरीज एकत्र असली की पक्का खेळाडू त्याच्या बाजूला सरकतो, "माझा!" म्हणून वेळेवर हाक देतो. संघ म्हणून खेळणे ते हेच.

दुसरा प्रकार इंग्रजीत 'वॉश' म्हणून ओळखला जातो. सहा विरुद्ध सहा. सर्व्हिसची रॅली संपताच हरलेल्या बाजूला लगेच दुसरा चेंडू टाकायचा. दोन्ही रॅली जिंकल्या तर एक मोठा गुण. एकेक वाटून गेली तर कोणालाच काही नाही, हिशेब धुऊन गेला. पाच मोठे गुण होईपर्यंत खेळा, प्रत्येक गुणानंतर फिरती घ्या. आम्हाला हा प्रकार सर्वांत मोलाचा वाटतो. आता प्रत्येक रॅलीला गुण मिळतो आणि सेट २५ चा असतो, त्यामुळे एक छान स्मॅश मारून नाचत बसलेला संघ पुढचे दोन गुण सहज घालवतो. येथे नाचायला वेळच मिळत नाही.

वेळ कमी असेल तर २२-२२ पासून छोटे सेट खेळा, किंवा ज्या फिरतीत संघ अडकतो तीच पाच वेळा घ्या.

हरलेल्यांना उठाबशा किंवा मैदानाच्या फेऱ्या ही शिक्षा देऊ नका. दमलेले पाय वाईट पडतात. चेंडू गोळा करणे, जाळी सोडणे एवढे पुरे. मुलींच्या सरावाला जाळी २.२४ मीटरवर बांधा; मुलांसाठीची २.४३ तशीच ठेवून त्यांना उड्या मारायला लावणे अन्यायाचे आहे.

चढाओढ लागली की उड्यांची मोजदाद राहत नाही. कठीण जमिनीवर ते गुडघ्यांना सोसत नाही. म्हणून आधी दहा मिनिटे अंग गरम करा, उडीनंतर दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरा. वाटीखाली दुखणे काही दिवस टिकले तर उड्या थांबवून डॉक्टरांना दाखवा.

घोटा मुरगळतो तो बहुधा जाळीखाली, दुसऱ्याच्या पायावर उतरल्याने. सरावातही मधली रेघ चुन्याने आखा आणि घरंगळणारा चेंडू दिसताच खेळ थांबवा. मुरगळलाच तर पाय ओढून घेऊ नका, चोळूही नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. चार पावलेही टाकता येत नसतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुन्हा मैदानात येण्याआधी त्या एका पायावर न दुखता उडी मारता आली पाहिजे.