मरवे आणि विस्मृती : सणाच्या दिवसांत घरातील वृद्धांची सेवा



वचनवाङ्मयात 'अरिवु' आणि 'मरवे' ही दोन पदे वारंवार येतात. अरिवु म्हणजे जाणीव, मरवे म्हणजे विसर. शरणांनी मरवेवर कठोर प्रहार केले आहेत, हे आपण सर्व जाणता. परंतु हा विसर कोणाचा? ज्याची बुद्धी शाबूत आहे, हातपाय धड आहेत आणि तरीही जो धनाच्या व मानाच्या मागे लागून आपले स्वरूप विसरतो, त्याचा. हा भेद आरंभीच सांगण्याचे कारण असे की, हैदराबादेतील एका सुशिक्षित घरात या वचनार्थाचा विपरीत उपयोग होत असलेला आम्ही पाहिला.

काचीगुड्याच्या बाजूस राहणारे हे कुटुंब मूळचे भालकीकडील. घरातील आई ऐंशीच्या पुढच्या. पूर्वी पहाटे लिंगपूजा झाल्याखेरीज त्यांनी पाणी घेतले नाही. गेली चार वर्षे त्यांना स्मृतिभ्रंश आहे. कधी सकाळी तीन वेळा पूजेस बसतात, कधी इष्टलिंग काढून तांदळाच्या डब्यात ठेवतात आणि ते चोरीस गेले म्हणून सुनेवर आळ घेतात. जेवण होऊन अर्धा तास झाला नाही तोच 'मला कोणी वाढले नाही' म्हणतात. थोरल्या मुलाने आम्हास हात जोडून विचारले, "स्वामीजी, आईला लिंगाचेच भान उरले नाही. एवढ्या आचाराच्या बाईला ही मरवे कशी आली? काही अपचार घडला असेल काय?"

नाही. अपचार घडलेला नाही. हा मेंदूचा आजार आहे. 1906 साली जर्मनीतील वैद्य आलोइस अल्झायमर यांनी ज्या विकाराचे वर्णन केले, तो स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण आहे. मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. नव्या गोष्टी आधी पुसल्या जातात, जुन्या पुष्कळ काळ टिकतात. आपल्या देशात साठीपुढील शंभरांपैकी सुमारे सात जणांना, म्हणजे 88 लाखांच्या आसपास लोकांना, स्मृतिभ्रंश असल्याचा 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. एवढे सारे अपचारी म्हणावयाचे काय? आणि लिंग गुरूने दिलेले आहे. त्या विसरल्या म्हणून दिलेले परत जात नाही. त्यांच्या वतीने आता घराने आठवण ठेवावयाची. तो गळ्यातील दोरा तेवढा आखूड व मऊ ठेवा, अडकून फास बसण्याचे भय नको.

मात्र प्रत्येक विसर हा अल्झायमरच असतो असेही नव्हे. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा दोष, मनाची खिन्नता यांनीही विसर पडतो आणि त्यावर उपाय आहे. म्हणून 'वय झाले' म्हणून सोडून न देता एकदा तपासणी करवून घ्यावी. तसेच एक-दोन दिवसांत एकाएकी भ्रम वाढला तर लघवीचा संसर्ग, ताप, पाणी कमी पडणे यांची शंका घेऊन तत्काळ वैद्यांकडे न्यावे.

आता दिवाळीविषयी. गेल्या दिवाळीत या घरी सोलापूर, लातूर, उदगीर येथून लेकी, जावई, नातवंडे मिळून पंधरा-सोळा माणसे जमली. हेतू शुद्ध होता. आई आहे तोवर सर्वांनी एकत्र यावे. पण पहाटे चारला उठवून आईंना उटण्याचे स्नान घातले, तेव्हा त्या भिऊन ओरडू लागल्या. दिवसभर घरात अनोळखी चेहरे आणि बाहेर फटाके. या आजारात दिवस मावळताना अस्वस्थता बहुधा वाढते आणि आपले लक्ष्मीपूजन नेमके त्याच वेळेस येते. समया लावल्या, सगळे दाटीने बसले आणि आई 'मला माझ्या घरी सोडा' म्हणून दाराशी गेल्या. सोलापूरची लेक पुढे होऊन म्हणाली, "आई, मला ओळखलंस का?" आईंनी ओळखले नाही. लेक रडली, भावजयीला बोलली, 'तुम्ही नीट बघत नाही म्हणून ही अशी झाली.' चार वर्षे रात्री अर्ध्या झोपेत काढणाऱ्या सुनेला ते ऐकावे लागले.

या ठिकाणी आमचा दोषही सांगतो. पाडव्याला आम्ही त्या घरी गेलो असता आम्हीही हेच विचारले, "अव्वा, मला ओळखले का?" त्या आमच्याकडे पाहत राहिल्या आणि पदराचे टोक चुरगळू लागल्या. परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा तो चेहरा होता. आपण विद्वान म्हणवतो आणि एवढे कळत नाही! हा प्रश्न विचारूच नये. जवळ बसावे, आपणच नाव सांगावे, 'मी सोलापूरची, तुमची धाकटी' एवढे पुरे.

त्या घराने नंतर जे बदलले ते उपयोगी आहे. स्नान नेहमीच्या वेळी, उन्हे आल्यावर. पाहुणे एका वेळी दोघे-तिघे आणि तेही सकाळी. पूजेचा आईंचा भाग सकाळीच उरकायचा. संध्याकाळी त्या मागच्या खोलीत दिवा लावून एका ओळखीच्या माणसाबरोबर. चकली, शेंगदाण्याचा चिवडा घशात अडकतो, म्हणून मऊ फराळ. पणत्या पदराच्या उंचीला नाहीत. अंगावर नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी; गणेशविसर्जनाच्या हुसेनसागरच्या गर्दीत तर नेऊच नये. आणि सुनेला सणात एक पूर्ण दिवस सुटी, तो दिवस लेकींनी सांभाळायचा. दासोह म्हणजे केवळ पंक्ती घालणे नव्हे, हे आम्ही त्या लेकींना थोडे स्पष्टच सांगितले. सल्ल्यासाठी 14567 ही वृद्धांची शासकीय विनामूल्य दूरध्वनीसेवाही आहे.

भाषेची एक गोष्ट राहिली. आईंचे माहेर कन्नड, सासर मराठी, शेजार तेलुगू आणि बाजारात दखनी. याच हैदराबादेत, निजाम इन्स्टिट्यूटमध्ये, डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 648 रुग्ण अभ्यासून 2013 साली दाखवले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा होतो, निरक्षरांतही तसेच. आजार टळतो असे नव्हे. पण या शहरातील आपल्या बाया ज्या चार भाषांत भाजी घेतात, तिचे मोल एवढे असेल हे आम्हास ठाऊक नव्हते. आईंची मराठी आता विरळ झाली आहे, माहेरची कन्नड उरली आहे. सुनेला ती येत नाही. ती 'नीर', 'ऊट', 'बेड' असे वीसेक शब्द वहीत लिहून शिकली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सोलापूरची लेक काही न विचारता आईशेजारी तांदूळ निवडीत बसली. बऱ्याच वेळाने आई म्हणाल्या, "ऊट आयतेन?" जेवलीस का?

"आयत, अव्वा."

थोड्या वेळाने आईंनी पुन्हा विचारले. लेक पुन्हा म्हणाली, "आयत, अव्वा." आम्ही निघेपर्यंत हे सहा वेळा झाले.