आधी पत्रा, मग इंजिन

जुनी एमजीबी विकायला काढलेला माणूस आधी बॉनेट उघडतो आणि इंजिन चालू करतो. बहुतेक वेळा आपण पोचायच्या आतच त्यानं ते गरम करून ठेवलेलं असतं. आवाज गोड येतो, लाल रंग चकाकत असतो, सीटचं कातडं नवं असतं आणि घेणारा मनातल्या मनात ती गाडी घेऊन घरी निघालेलासुद्धा असतो. इंग्लंडच्या मिडलंड्स भागात नोकरीसाठी आलेल्या आम्हा काही मराठी मंडळींना या गाड्यांचा नाद आहे. कुणाला एखादी पसंत पडली की मला बरोबर नेतात. ‘काका, तुम्ही फक्त एक नजर टाका’ असं म्हणतात. मी विक्रेत्याला हसून सांगतो, इंजिन शेवटी बघू. ते थंड असताना चालू केलेलंच पाहायचं असतं, हे एक कारण. दुसरं अधिक महत्त्वाचं. या गाडीत इंजिन ही सर्वांत स्वस्त काळजी आहे.

एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त. त्यामुळे तिचा स्क्रूपासून डॅशबोर्डपर्यंत जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बी-सीरीज घराण्यातलं, म्हणजे आपल्या पेट्रोल ॲम्बॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं भावंड. ज्यांनी पुण्या-मुंबईच्या मिस्त्रीला ॲम्बॅसिडरचं इंजिन उघडून बसलेलं पाहिलंय, त्यांना यात घाबरण्यासारखं काही दिसणार नाही. धूर निघतो, तेल गळतं, व्हॉल्व्ह वाजतात. सगळं दुरुस्त होतं आणि खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो. पत्र्याचा अंदाज मात्र तो कापल्याशिवाय कुणालाच बांधता येत नाही.

याचं कारण गाडीच्या बांधणीत आहे. आधीच्या एमजीएला वेगळी चेसिस होती. बॉडी सडली तरी खाली सांगाडा शिल्लक राहायचा. एमजीबीत बॉडी हीच चेसिस. त्यातून उघड्या टपाच्या मॉडेलला छताचा आधार नाही, म्हणून गाडीचा ताठपणा बराचसा दारांखालच्या दोन सिलवर अवलंबून. सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा, आतला आणि त्यांच्या मधला उभा, शिवाय खालून जाणारी एक पट्टी, जिला इथले वेल्डर कॅसल रेल म्हणतात. पुढच्या चाकाच्या मागे चिखल साचतो, पाणी आत झिरपतं आणि सगळी पेटी आतून गंजते. बाहेर दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. थंडीत इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, ते वेगळंच.

लेस्टरमध्ये राहणाऱ्या एका नाशिककर तरुणानं अशीच एक लाल गाडी मला दाखवली होती. मी नको म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं, दोन दिवस विचार केला आणि घेतली. वेल्डरनं बाहेरची सिल उघडली तेव्हा कळलं की जुनी सडकी सिल तशीच ठेवून तिच्यावर नवा पत्रा शिवलाय. मधला उभा पत्रा हाताला लागेना, कॅसल रेलच्या जागी पुट्टी आणि रंग. दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीच्या पुढे गेलं. त्याला मी दोष देत नाही. तो लाल रंग खरंच सुंदर होता.

मला शंका कशावरून आली ते सांगतो, कारण ही तपासणी कुणालाही जमते. विक्रेत्याला विचारून गाडी जॅकनं एका बाजूनं उचलायची. उचलण्याआधी दाराभोवतीची फट नीट बघून ठेवायची. उचलल्यावर फट बदलली, दार अडखळायला लागलं, तर सिलमध्ये जीव नाही असं समजा. त्या गाडीचं दार जरा अडलं. विक्रेता म्हणाला, बिजागरी जुनी आहे. जॅक लावू देत नसेल तर तेही उत्तरच आहे. एक छोटं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून जवळ ठेवा. ते सिलवर, मडगार्डच्या खालच्या टोकावर आणि मागच्या चाकांच्या कमानीवर फिरवा. जिथं धरत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. सीटच्या मागचं झाकण उचला. १९७४ च्या अखेरीपर्यंत तिथं सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, नंतर बारा व्होल्टची एक. ॲसिडनं बॅटऱ्यांच्या खोक्यांचा तळ खाल्लेला असतो आणि तिकडे सहसा कुणी रंग मारत नाही, त्यामुळे गाडीची खरी अवस्था तिथं दिसते.

आता ठोकलेल्या गाड्या. माझं मत ऐकून लोक बिचकतात, पण चकाकणाऱ्या गाडीपेक्षा नाक ठेचलेली गाडी मला परवडते. पुढचे मडगार्ड बोल्टनं बसवलेले असतात, ग्रिल, बंपर, रेडिएटर सगळं नवं मिळतं आणि नुकसान डोळ्यांसमोर असल्यानं भाव करता येतो. अट एकच, धक्का आत पोचलेला नसावा. बॉनेट उघडून इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे आतले पत्रे पाहा. त्यांवर सुरकुत्या असतील, एका बाजूचा रंग दुसरीपेक्षा ताजा असेल, तर धक्का आत गेलाय. मोजपट्टीनं दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर मोजा. मूळ माप ९१ इंच. दोन बाजूंत ठळक फरक पडला तर पुढं बोलणंच नको. गाडी चालत असेल तर मित्राला चालवायला द्या आणि आपण मागून दुसऱ्या गाडीत जा. सांगाडा वाकलेली गाडी सरळ रस्त्यावर किंचित तिरकी धावताना दिसते. बाजूनं सिलवर मार खाल्लेली आणि जळालेली गाडी मी पाहायलाही जात नाही. पुरातून निघालेलीचं गंजकाम सीटच्या पट्ट्यांखाली आणि गालिच्याखाली शोधा.

इथं विमा कंपनीनं निकाली काढलेल्या गाडीला वर्ग लावतात. ऑक्टोबर २०१७ पासून ए, बी, एस आणि एन हे चार आहेत. ए पूर्ण भंगार. बीचे सुटे भाग वापरता येतात पण बॉडी चिरडायची. एसला सांगाड्याचं नुकसान आणि एनला ते नाही, दोन्ही दुरुस्त करून रस्त्यावर आणता येतात. त्याआधीचे सी आणि डी फसवे. ते दुरुस्तीच्या खर्चाच्या हिशेबावर लावलेले होते, त्यामुळे जुन्या सी-वर्गाच्या गाडीचं फक्त मडगार्ड गेलेलं असू शकतं, किंवा सगळं पुढचं अंग. आणि नोंद नाही म्हणजे अपघात नाही असंही नव्हे. मालकानं विम्याकडे न जाता ओळखीच्या गॅरेजात काम उरकलं असेल तर कुठल्याच दफ्तरात त्याचा पत्ता लागत नाही.

कागदांत तीन गोष्टी. व्ही-फाइव्ह-सी या नोंदणीपत्रावर गाडी कुणाच्या ताब्यात नोंदलीय ते लिहिलेलं असतं. तो मालकीचा पुरावा नाही, हे त्यावरच छापलेलं असतं. म्हणून आधीच्या खरेदीची पावती मागा आणि गाडीवर कर्ज आहे का ते पैसे भरून तपासा. दुसरं, एमओटी या वार्षिक तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. ‘सिलला गंज’ असा शेरा वर्षानुवर्षं येतोय आणि एका वर्षी अचानक गायब झाला, तर दुरुस्तीची पावती कुठंय ते विचारा. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मुळात फारसा बदल न केलेल्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची नाही, आणि आता झाडून सगळ्या एमजीबी चाळिशीपलीकडे गेल्यात. विक्रेता मोठ्या कौतुकानं सांगतो, हिला एमओटी लागतच नाही. त्याला म्हणावं, लागत नसली तरी करून घेऊ, फी मी भरतो. तिसरं, चेसिस क्रमांक. उघड्या टपाच्या गाडीचा सहसा जीएचएननं सुरू होतो, छताच्या जीटीचा जीएचडीनं. छत कापून जीटीची उघडी गाडी केलेली असेल तर तो डी लपत नाही, आणि अशा गाडीच्या ताठपणाबद्दल काही बोलायलाच नको. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या मूळ नोंदींचा दाखला मिळतो. मूळ रंग कुठला होता हे त्यात कळतं आणि गाडी कुणीतरी मधेच रंगवलीय हेही.

रबरी बंपरच्या, म्हणजे १९७४ नंतरच्या गाड्यांना लोक नाकं मुरडतात. अमेरिकेतल्या बंपरच्या नियमांमुळे गाडी उंच करावी लागली, वळणावर ती जास्त झुकते, हे खरं. पण त्या स्वस्त मिळतात. पहिलीच गाडी घेणाऱ्याला मी तीच सुचवतो. आधीच्या क्रोमच्या बंपरसाठी जीव टाकणारे टाकोत.

भाव ठरवताना मनात दोन आकडे ठेवा. इंजिन पूर्ण नवं करून घ्यायला साधारण दोन-तीन हजार पौंड. मूळ कारखान्याच्याच साच्यांवर १९८८ पासून नवी बॉडीही बनते. ती एकटीच दहा हजारांच्या पुढे जाते, रंग आणि जोडणी वेगळी. सडक्या सिलची गाडी स्वस्तात मिळतेय असं वाटलं की हे दोन आकडे शेजारी मांडायचे. तो नाशिककर तरुण आता हेच करतो. मध्यंतरी त्यानं पुढून ठोकलेली, हिरव्या रंगाची एक जीटी घेतली, जॅक लावून आणि मोजपट्टी धरून. विम्यात मात्र त्याला मी एक गोष्ट हट्टानं करायला लावली. जुन्या गाड्यांच्या पॉलिसीत आधीच ठरवलेली किंमत लिहून घेता येते. ती लिहिली नाही तर अपघातानंतर कंपनी स्वतःच्या अंदाजानं बाजारभाव लावते आणि चांगली दुरुस्त होणारी गाडीसुद्धा निकाली काढते. फोटो आणि पावत्या जोडून तो आकडा लेखी घ्यायचा, आणि गाडी निकाली निघाल्यास ती आपल्याकडेच ठेवता येईल का, हे पॉलिसी घेतानाच विचारायचं.