कूपर नदीत उतरण्याआधी

चार्ल्स्टन, साउथ कॅरोलिना

चि. भाचेबुवांस,

तारकर्लीला डायव्हिंगचं कार्ड काढून तू साउथ कॅरोलिनातल्या कोलंबियाला शिकायला आलास आणि आता मेगालोडॉन शार्कचा दात नदीतून स्वतःच्या हातानं काढायचाय म्हणतोस. हौस उत्तम आहे. पण मला विचारलंयस, तर ऐकावं लागेल: या हिवाळ्यात कूपर नदीत उतरायचं नाही.

तुझं कार्ड १८ मीटरचं आहे आणि कूपरमधल्या बऱ्याच जागा त्याहून उथळ आहेत, हे मला माहीत आहे. खोलीचं भय नाही, काळोखाचं आहे. पाला कुजून पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालेलं असतं; जरा खाली गेलं की दिवस मावळतो आणि टॉर्चच्या उजेडात फार तर हातभर दिसतं. तिथे भरती-ओहोटीची ओढही पोचते. म्हणून पाणी वळायच्या सुमारास उतरतात, नेहमीपेक्षा जास्त शिसं बांधतात आणि लांब स्क्रूड्रायव्हर तळात रोवून त्याच्या आधारानं सरकतात. पण जे शिसं तुला तळाशी धरून ठेवतं, ते संकटातही धरूनच ठेवेल. शिशाचा पट्टा डोळे मिटून, एका हातानं सोडता आला पाहिजे. तो सराव आधी तलावात कर. जोडीदार बरोबर असेल, पण दिसणार नाही. म्हणजे तू एकटाच. बुडालेल्या झाडात मासेमारीचा दोरा अडकला तर पहिलं काम हात चालवायचं नाही, थांबायचं. श्वास लांब सोडायचा, मग कात्री शोधायची. थांबणं ज्याला जमत नाही त्यानं या नदीत जाऊ नये. (सुसरी-मगरींच्या जातीचे अ‍ॅलिगेटरही आहेत. ताईला हे तूच सांग, मी सांगणार नाही.)

पिशवीचंही लक्षात ठेव. दात, हाडं, दगड भरले की ती जड होते आणि माणसं ते वजन उचलायला अंगावरच्या जॅकेटमध्ये हवा भरतात. मग पिशवी हातातून सुटली की माणूस फुग्यासारखा वर फेकला जातो. पिशवीला स्वतंत्र लिफ्ट बॅग लाव, नाही तर थोडंच उचल.

आता सुरुवात कुठे करायची. फ्लोरिडातली पीस नदी. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत तिथे पाणी उतरलेलं असतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून फावडं आणि चाळण चालवायची. टाकी लागत नाही. हे कमीपणाचं वाटेल, पण डोळा तिथेच तयार होतो. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. दात मात्र जन्मभर हजारोंनी गळतात. काठ आणि तळ झिजले की ते सुटतात, आणि जड म्हणून प्रवाह त्यांना खडीच्या पट्ट्यांत जमवतो. नुसत्या वाळूत किंवा मऊ गाळात वेळ घालवू नकोस. बोटांखाली खडी करकरली की तिथे थांब. दाताचा चकचकीत मुलामा, धारेवरचे बारीक करवती दाते आणि खरखरीत मूळ हे नुसत्या स्पर्शानं ओळखता येईपर्यंत चाळत राहा. कूपरमध्ये पुढे बोटंच तुझे डोळे होणार आहेत. चार्ल्स्टनच्या आसपास १८६७ पासून खतासाठी फॉस्फेट खणलं गेलं, तेव्हाही त्या थरांतून हे दात निघायचे. मेगालोडॉन सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी संपला, पण त्याचा माल अजून संपलेला नाही. घाई कशाला?

पीसनंतर फ्लोरिडातलंच व्हेनिस. समुद्र आहे, पण उथळ. पाणी गढूळ असलं तरी कूपरइतकं काळं नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनच्या समोर, किनाऱ्यापासून कितीतरी मैल आत सापडणारे मोठे दात ३० मीटर खाली आहेत. तिथे साध्या हवेवर जेमतेम २० मिनिटं मिळतात; त्यासाठी अ‍ॅडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स दोन्ही कोर्स कर. दोन वर्षं तरी त्याचं नाव काढू नकोस.

कायद्याचं कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नकोस. साउथ कॅरोलिनात नदीच्या तळातून काही उचलायचं तर हॉबी लायसन्स लागतं, आणि काय, कुठे सापडलं याचा अहवाल दर तिमाहीला द्यावा लागतो. लायसन्स देणारी संस्था तुझ्याच विद्यापीठात आहे. फ्लोरिडात शार्कच्या दाताला परवाना लागत नाही, सरकारी जागेतल्या इतर हाडांना लागतो. ही कटकट नाही. फ्लोरिडातल्या ऑसिला नदीच्या तळाशी हत्तीसारख्या मास्टोडॉनचा सुळा निघाला, त्यावर कापल्याच्या खुणा होत्या. तो कुठल्या थरातला हे नोंदलेलं होतं, म्हणूनच २०१६ मध्ये शास्त्रज्ञ खात्रीनं सांगू शकले की साडेचौदा हजार वर्षांपूर्वी तिथे माणूस होता. नुसता सुळा घरी नेला असता तर तो दिवाणखान्याची शोभा झाला असता. कूपरच्या खडीतला दात मूळ जागेवरून कधीच निखळलेला असतो, तो खुशाल उचल. पण हाडं एकमेकांना जोडलेली दिसली, तर हात लावू नकोस. जागा लिहून घे आणि संस्थेला कळव.

डिसेंबरच्या सुट्टीत पीसला जाऊ, चाळणी माझ्याकडे दोन आहेत. दरम्यान लायसन्सची माहिती काढ आणि पट्टा सोडायचा सराव सुरू कर.

तुझा,
मामा