संगणकाचे दप्तर : झाकलेले की उघडे?

पूर्वी पेढीवरील दिवाणजीस रोजकीर्द कोणत्या फडताळात आहे आणि मागील सालची खतावणी कोणत्या रुमालात बांधली आहे, हे न पाहता सांगता येत असे. आज नारायणगुड्यातील एखाद्या दुकानदारास “आपला हिशेब संगणकात कोठे आहे?” असे विचारले, तर तो बहुधा पडद्यावरील चित्राकडे बोट दाखवील. परंतु ते चित्र म्हणजे हिशेब नव्हे. ते हिशेबाकडे नेणारे केवळ दार होय. तेव्हा संगणकाने फायलींची मांडणी सामान्य माणसापासून झाकावी काय, हा प्रश्न तंत्रज्ञांइतकाच व्यापाऱ्यांचाही आहे.

फोल्डरात फोल्डर ठेवण्याची रचना १९६५ साली ‘मल्टिक्स’ या प्रणालीच्या आराखड्यात मांडली गेली. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाने तीच चित्ररूपाने घरोघरी परिचित केली. २००७ साली आलेल्या आयफोनने मात्र हे दप्तर मालकाच्या दृष्टीआड केले. प्रत्येक ॲपने आपले कागद आपल्यापाशीच ठेवावेत, अशी ती व्यवस्था होती.

झाकण्याच्या बाजूनेही सबळ कारण आहे. यंत्र चालविणाऱ्या फायली अजाणतेपणी पुसल्या गेल्यास सारे काम खोळंबते. ग्राहकास माल हवा असतो, कोठार नव्हे.

तथापि झाकण्यातही धोका आहे. विंडोज प्रणाली फायलीच्या नावाचे शेवटचे अक्षरचिन्ह सहसा दाखवीत नाही. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या विषाणूने याचाच लाभ घेतला. साधे पत्र समजून लोकांनी जे उघडले, तो वस्तुतः एक घातक प्रोग्राम होता. पुढे २०१७ साली ॲपललाही आयफोनवर ‘फाइल्स’ हे ॲप द्यावे लागले.

व्यापाऱ्यास तर कायद्याचेही बंधन आहे. वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ अन्वये वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. हिशेब संगणकावर असल्यास, अपघातानंतर तो पुन्हा उभा करता येईल अशी प्रत राखणे नियमाने आवश्यक आहे. आता एखाद्याने पडद्यावरील चित्रच पेनड्राइव्हवर उतरविले, तर त्याच्या हाती केवळ दाराची खूण येते. हिशेब जुन्या यंत्रातच राहतो. यंत्र बिघडेपर्यंत ही उणीव ध्यानातही येत नाही.

यावरून निष्कर्ष असा की, यंत्राचे ते यंत्राने खुशाल झाकावे. मालकाचे ते मालकास दिसलेच पाहिजे. म्हणून प्रत्येक व्यापारी बंधूने आपला हिशेब कोणत्या फोल्डरात आहे ते जाणकाराकडून समजून घेऊन कागदावर लिहून ठेवावे, त्या फोल्डराची प्रत नियमाने काढावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न मोजता तिजोरीत ठेवलेली रक्कम होय.