सुई टोचण्याआधी हात बघ

पोरी, पेशंट डायलिसिसच्या खुर्चीवर बसला की आधी मशीनकडे वळू नकोस. बाही वर सारायला सांग आणि फिस्टुल्यावर, म्हणजे धमनी आणि नस जोडलेल्या जागेवर, बोटं ठेव. चांगल्या फिस्टुल्यात मऊ, अखंड थरथर लागते. ती जाऊन नाडीसारखे टणक ठोके लागायला लागले, तर पुढे कुठेतरी नस अरुंद झालीय असं समज. मग हात डोक्याच्या वर धरायला सांग. नस खाली बसली तर ठीक. हात वर असूनही ती तट्ट फुगलेलीच राहिली, तर रक्ताला पुढे वाट मिळत नाहीये. या परीक्षेला पैसा लागत नाही आणि अर्ध्या मिनिटात ती होते.

व्हीनस प्रेशर एकदा वाढलं म्हणून घाबरू नकोस, सुई भिंतीला टेकली असेल. पण त्याच पंप स्पीडला, त्याच मापाच्या सुईने, लागोपाठच्या डायलिसिसना ते चढत गेलेलं दिसलं, तर डॉक्टरांना सांग. आकडे वहीत लिहिलेले असतील तरच ते दिसेल. सुया काढल्यावर दहा मिनिटांत थांबणारं रक्त हल्ली बराच वेळ दाबून धरावं लागतंय, अशी तक्रार आली तर हेपरिन जास्त झालं का ते बघ. तसं नसेल तर अरुंद नसेचाच संशय घे. अख्खा हात सुजला असेल, तर पूर्वी मानेत किंवा कॉलरबोनखाली कॅथेटर घातला होता का, हे विचार. घातला असेल तर अडथळा छातीतल्या मोठ्या नसेत असू शकतो.

संशय आला की डॉप्लर होतो, फिस्टुलोग्राम होतो, अरुंद नस फुग्याने उघडायचं ठरतं, आणि मग नातेवाईक तुलाच गाठतात: ‘सिस्टर, औषधाचा फुगा घ्यायचा का?’ त्यांना नीट समजावून सांग. साध्या फुग्याने नस उघडते, पण उघडताना आतल्या अस्तराला इजा होते. ती भरून येताना पेशी वाजवीपेक्षा जास्त वाढतात आणि काही महिन्यांत जागा पुन्हा बुजते. औषधी फुग्यावर पॅक्लिटॅक्सेलचा लेप असतो, कर्करोगात देतात तेच औषध. ते ही वाढ रोखतं. महागाचा फुगा जास्त जोर लावतो असं लोकांना वाटतं, ते खरं नाही. उघडण्याचं काम आधीच्या हाय-प्रेशर फुग्यानेच पुरतं व्हायला हवं. नाहीतर वरचा खर्च पाण्यात. शिवाय लेप रक्तात धुऊन जातो, म्हणून तो फुगा झटपट जागेवर न्यायचा आणि काही मिनिटं फुगवून धरायचा. लेपाला बोट लावायचं नाही.

2020 साली 330 पेशंटांचा एक अभ्यास छापून आला. सहा महिन्यांनी औषधी फुगा मिळालेल्यांपैकी सुमारे 82 टक्क्यांची जागा उघडी होती, साध्या फुग्यात सुमारे 60. ब्रिटनमधल्या 212 पेशंटांच्या अभ्यासात मात्र फरक दिसलाच नाही. म्हणून ‘हा लावला की सुटलो’ असं कुणाला म्हणू देऊ नकोस. माझं मत विचारशील, तर पहिल्यांदाच अरुंद झालेल्या जागेला नीट केलेला साधा फुगा पुरे. तीच जागा थोड्या-थोड्या अंतराने पुन्हा बुजत असेल, तेव्हा औषधी फुग्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला सांग. खर्च योजनेत बसतो का, हेही आधीच विचारून ठेवायला लाव.

फुगा झाल्यावर पहिल्याच डायलिसिसला प्रेशरचे नवे आकडे लिही, पुढची तुलना त्यांच्याशीच. एकाच जागी सुई टोचत राहू नकोस, जागा सरकवत जा. त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, सलाईन लावायचं नाही. आणि प्रत्येकाला घरी रोज सकाळी थरथर तपासायला शिकव. ती लागली नाही, तर पुढच्या पाळीची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा, रात्र असली तरी. गुठळी झालेली नस लवकर हाती आली तर पुष्कळदा वाचवता येते.